मांडव कोणाचा?

१८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि खतेपत्रे हिसकावून जाळली. लोण पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांत पसरले तेव्हा सरकारने आयोग नेमला. रयत कर्जात का बुडाली, याचे एक उत्तर साहेबाच्या कचेरीत आधीपासूनच तयार होते: हे लोक लग्नात पैसा उधळतात. आयोगाने चौकशी केली आणि हे उत्तर फारसे मानले नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते की लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून नको तितके महत्त्व दिले गेले आहे. कुणब्याच्या ऐपतीच्या मानाने एका लग्नाचा खर्च जास्त दिसतो खरा, पण असे प्रसंग वर्षानुवर्षांनी येतात, आणि सगळे मिळून पाहिले तर त्याच्या स्थितीतल्या माणसाने घरच्या आनंदावर तेवढे खर्चणे काही गैर नाही. आठ वर्षांनी, १८८३मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यातही लग्नातल्या उधळपट्टीमुळे शेतकरी बुडाला हा आरोप त्यांनी खोडून काढला आणि बोट दाखवले ते शेतसाऱ्याकडे, लोकल फंडाच्या पट्टीकडे, लाचखाऊ सरकारी कामगारांकडे. इथे एक कोडे पडते. लग्नाने शेतकरी बुडत नाही असे ठणकावून सांगणाऱ्या याच माणसाने त्याआधी दहा वर्षे, पुण्यात, महाराष्ट्रातल्या सर्वांत साध्या लग्नपद्धतीचा पाया घातला होता. खर्च हे दुखणे नव्हते, तर साधेपणाचे औषध कशासाठी?

या कोड्याच्या उत्तरात आजच्या ‘बजेटमधल्या’ लग्नाचाही उलगडा आहे असे मला वाटते. महाराष्ट्रात कमी खर्चाच्या लग्नाला निदान दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो नीट पाहिला तर दिसते की ज्यांनी केवळ काटकसर म्हणून लग्न छोटे केले त्यांची प्रथा पुढे चालली नाही, आणि ज्यांनी लग्नावरचा दुसऱ्याचा हक्क काढून घेतला त्यांचे लग्न आपोआप स्वस्त झाले. मांडव किती मोठा, हा प्रश्न नंतरचा. मांडव कोणाचा, हा आधीचा.

फुल्यांच्या सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ची, आणि या पद्धतीचे पहिले लग्न त्याच वर्षी २५ डिसेंबरला लागले. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा. पुढाकार सावित्रीबाईंचा होता. भटजी नाही, हुंडा नाही, कोणाला न कळणारे संस्कृत नाही. आज वाचताना हे ‘साधे लग्न’ वाटते, पण तेव्हा साधेपणा हा त्यातला सर्वांत किरकोळ भाग होता. गावोगावच्या जोशाला लग्न लावण्याचा पिढीजात हक्क होता. तो वतनासारखाच धरला जाई, आणि यजमानाने दुसऱ्या कोणाकडून किंवा कोणाशिवायच कार्य उरकले तरी आपली दक्षिणा मागायला तो कोर्टात जाऊ शके. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचे लग्न ब्राह्मण पुरोहिताविना लावले, तेव्हा तिथल्या जोशांनी तसा दावा लावलाच आणि प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेले. ‘असूडा’चे पहिले प्रकरण याच मुद्द्यावर आहे. शेतकऱ्याच्या घरात बारशापासून बाराव्यापर्यंत कोणकोण कसा हात मारतो, याची यादी तिथे सापडते. म्हणजे फुल्यांच्या हिशेबात लग्नाचे दोन खर्च वेगळे होते. पाहुण्यांना जेवू घालण्याचा खर्च हा घरच्याचा स्वतःचा, त्याला त्यांची हरकत नव्हती. आपण न बोलावलेल्या माणसाला, आपल्याला न कळणाऱ्या शब्दांसाठी, सक्तीने द्यावा लागणारा पैसा हा दुसरा, आणि कुऱ्हाड त्याच्यावर होती. १८८७मध्ये त्यांनी पूजाविधीची छोटी पुस्तिका काढली. तिच्यात मराठी मंगलाष्टके आहेत, आणि ती वर आणि वधू यांनी स्वतः म्हणायची आहेत. वधू स्त्रियांच्या हक्कांची हमी मागते, वर ती देतो. आज ज्याला ‘पर्सनल व्हाउज’ म्हणून पाश्चात्त्य नवलाई समजतात, ती पुण्यात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी छापून तयार होती. जोशांच्या त्या सक्तीच्या हक्काला कायद्याने पुरता चाप बसायला मात्र १९२६ साल उजाडावे लागले. मुंबई कायदेमंडळात त्यासाठी झटले ते सी. के. बोले, म्हणजे ज्यांच्या १९२३च्या पाणवठ्यांविषयीच्या ठरावातून पुढे महाडचा सत्याग्रह उभा राहिला तेच.

यावर एक आक्षेप लगेच येईल. जुनी लग्ने तर चार-चार दिवस चालत, गाव जेवे. मग ती स्वस्त कशी? ती स्वस्त नव्हतीच, पण त्यांचा बराच खर्च रोकड नव्हता. कुंभाराने मडकी आणायची, सुताराने पाट-चौरंग करायचे, परटाने पायघड्या घालायच्या, गुरवाने पत्रावळी लावायच्या, आणि मोबदला सुगीला खळ्यावर धान्यात किंवा लग्नातल्या मानात. मांडवाला लागणाऱ्या मेढी आणि आंब्याचे टहाळे भावकीच्या शेतातून येत. हळद घरच्या जात्यावर दळली जाई, आणि दळता दळता ओव्या होत. म्हणजे काम आणि करमणूक यांचे दोन वेगळे ठेके दिलेले नसत. आहेराची यादी लिहून ठेवली जाई, कारण ती भेटींची यादी नसून भिशीची वही होती: आज आपल्या घरी आलेले लुगडे उद्या त्यांच्या घरी त्याच तोलाने परत जायचे. हे चित्र गोंडस करण्याचे कारण नाही. त्याच मांडवात कोण कुठे बसणार, कोणाला उष्टे मिळणार आणि कोणी वेशीबाहेर वाजवत राहायचे हे जातीने ठरलेले होते. हळद दळणाऱ्या बायकांना कोणी विचारलेले नव्हते, आणि बलुतेदाराचा ‘मान’ ही पुष्कळदा वेठच होती. ती व्यवस्था मोडली हे बरे झाले. पण मोडताना एक गोष्ट नजरेआड झाली. पूर्वी जे काम नात्याने किंवा सक्तीने होई, ते सारे आता पैशाने होऊ लागले, आणि काम विकत घेतले की त्याबरोबर ठरवण्याचा हक्कही विकणाऱ्याकडे जाऊ लागला.

शहरात हे बदल जागेच्या अडचणीतून आले. चाळीतल्या दोन खोल्यांत कार्य होत नाही. मग मंगल कार्यालय आले, आणि त्याने अनेक निम्नमध्यम घरांची खरोखर सोय केली. सकाळी सीमंतपूजन, दुपारी पंगत, संध्याकाळी हॉल रिकामा. चार दिवसांचे लग्न एका दिवसात बसवले ते मंगल कार्यालयाने. स्वस्त लग्नाच्या इतिहासात त्याला मानाचा पाट द्यायला हवा. पुण्यात स्त्रियांना पौरोहित्य शिकवण्याचे काम १९७०च्या दशकात ज्यांनी सुरू केले ते शंकरराव थत्ते स्वतः कार्यालयच चालवत, हाही योगायोग नसावा. दिवसाला किती लग्नांत लोक मंत्र न समजता ताटकळत बसतात, हे त्यांच्याइतके कोणी पाहिले असेल? पण कार्यालयाबरोबर कंत्राट आले. आचारी कार्यालयाचा, ताट इतक्या रुपयांना, सजावट त्यांचीच. पुढे त्याचे ‘पॅकेज’ झाले. पंगत जाऊन बुफे आला आणि वाढपी म्हणून घरच्या पोरांना असलेले काम गेले. १९९४मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आल्यानंतर संगीत आणि मेंदीचे स्वतंत्र समारंभ मराठी घरांतही रुळत गेले. त्या एका सिनेमावर सगळा दोष टाकता येणार नाही, पण नाचाचे दिग्दर्शक पगारी लागू लागले हे खरे. गावच्या जोशाचा हक्क कायद्याने गेला, आणि त्याच्या जागी यजमानाला ‘असेच करतात हो सगळे’ म्हणून सांगणारा दुसरा वतनदार येऊन बसला. फरक एवढाच की याच्यावर दावा लावण्याची सोय नाही.

मग लग्न लहान करा, म्हणजे झाले. असे म्हणणाऱ्यांना दोन प्रयोग दाखवता येतात. एक सामुदायिक विवाहांचा. शेतकऱ्यांच्या मुलींसाठी राज्य सरकारची शुभमंगल योजना आली तेव्हा तिच्यात प्रत्येक जोडप्यामागे १०,००० रुपये आणि आयोजक संस्थेला २,००० रुपये असे अनुदान होते. गरजू बापाच्या डोक्यावरचा भार त्याने हलका झाला, आणि हे काम मी कमी लेखणार नाही. पण शंभर जोडपी एका रांगेत उभी, माइक पुढाऱ्याच्या हातात, अक्षता कोणी कोणावर टाकल्या ते कळत नाही, अशा मांडवात नवरानवरी हे पाहुणेच असतात. म्हणून ज्याला दुसरा मार्ग आहे तो तिथे सहसा जात नाही. दुसरा प्रयोग महामारीने केला. एप्रिल २०२१च्या आदेशाने राज्यात लग्नाला २५ माणसे आणि दोन तास एवढीच मुभा राहिली, मोडल्यास दंड ५०,००० रुपये. तेव्हा पुष्कळांनी लिहिले की आता मराठी माणसाला छोट्या लग्नाची गोडी लागली. निर्बंध उठले आणि कार्यालयांच्या तारखा पुन्हा मिळेनाशा झाल्या. सक्तीने कापलेली यादी म्हणजे कोणाला वगळायचे एवढाच निर्णय; जे उरले त्याचे काय करायचे, याला त्यात उत्तर नव्हते.

याहून गंभीर आक्षेप इज्जतीचा आहे. ज्यांच्या पिढ्यांना वाजतगाजत वरात काढायची मनाई होती, त्यांना साधेपणाचा उपदेश करणारे आपण कोण? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. घोड्यावर बसलेला दलित नवरदेव खर्च करत नसतो, तो हक्क वसूल करत असतो. पण या प्रश्नाचे उत्तरही त्याच समाजाने आधी देऊन ठेवले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, आणि त्यानंतर बौद्ध विवाहपद्धती घरोघर पोचली: बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा, पांढरी वस्त्रे, त्रिशरण-पंचशील, आणि विधी लावणारा बहुधा वस्तीतलाच कोणी बौद्धाचार्य. या लग्नाला गरिबीचा वास येत नाही, कारण त्यातले काही श्रीमंतांच्या लग्नातून कमी करून घेतलेले नाही. ते मुळातच वेगळे आहे. आज तिथेही मांडव मोठे झाले, डीजे आला. तरी विधी तोच राहिला, कारण तो ज्यांचा आहे त्यांनी ठरवलेला आहे. तमिळनाडूत पेरियारांच्या, पुरोहिताविना लागणाऱ्या स्वाभिमान विवाहांना १९६७मध्ये हिंदू विवाह कायद्यात स्वतंत्र कलम मिळाले. महाराष्ट्रात सत्यशोधक लग्नाला तसे कलम कधी लाभले नाही, आणि तरीही ते कुठे कुठे अजून लागते.

राहिले नोंदणी लग्न. त्यात मजा नाही, ते पळून गेलेल्यांचे, दोन सह्या आणि पेढा, अशी त्याची ख्याती. ही ख्याती कायद्याने कमावलेली नाही, आपण दिलेली आहे. १८७२च्या कायद्याखाली लग्न करायचे तर मी हिंदू नाही, मुसलमान नाही, असे लिहून द्यावे लागे, आणि सुधारकांनाही ते जड जाई. १९२३च्या दुरुस्तीने त्यात वाट निघाली आणि १९५४च्या विशेष विवाह कायद्याने ती अट पार गेली. या कायद्यात तीस दिवसांची नोटीस आहे, तीन साक्षीदार आहेत, आणि एरवी विधी कोणताही चालेल अशी स्पष्ट मुभा आहे. जादा फी भरली तर अधिकारी कचेरीबाहेर, जवळपासच्या जागीही येऊ शकतो. म्हणजे वाड्याच्या चौकात, सोसायटीच्या गच्चीवर, शाळेच्या पटांगणात लग्न लावता येते, आणि त्याआधी-नंतर काय करायचे याची आखणी सर्वस्वी घरच्यांची. आपल्याकडे ज्याला लग्नातली मजा म्हणून लोक आठवतात, ते केळवण, उखाणे, रुखवतावरची टोमणेबाजी, विहिणींची थट्टा, कानपिळीला नवरीच्या भावाने आढेवेढे घेणे, यातल्या कशालाच पॅकेज लागत नाही. लागतात ती वेळ देणारी माणसे. इथे शेवटचा आक्षेप उभा राहतो आणि तो रास्त आहे: ही माणसे म्हणजे घरच्या बायकाच ना? इतिहासाचे उत्तर ‘हो’ असेच आहे. म्हणून घरगुती लग्नाची यादी करताना पहिला रकाना खर्चाचा न आखता कामाचा आखावा, आणि त्यात लाडू वळणाऱ्यांत काका, मेहुणे आणि खुद्द नवरदेव यांची नावे लिहावीत. नाहीतर वाचलेला पैसा कोणाच्या तरी पाठदुखीतून वाचलेला असतो.

विशेष विवाह कायद्याने नवरानवरीवर घातलेली बोलण्याची अट मात्र एकच आहे. अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे स्वतःच्या तोंडाने म्हणायचे, आणि ते दोघांना समजणाऱ्या भाषेत. १८७३च्या त्या डिसेंबरात सीताराम आणि राधा यांच्या लग्नातून कोणाला न कळणारे संस्कृत गेले, त्यामागचा विचारही हाच.