बाकीचे गणित

अमेरिकेतील विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी जीआरई नावाची परीक्षा घेतात. ती १९३६ साली सुरू झाली. तिच्या आजच्या गणितविभागात भाज्यतेचे प्रश्न येतात: अमुक संख्येला आठांनी भागले तर बाकी इतकी, नवांनी भागले तर इतकी, ती संख्या कोणती? आपल्याकडील पदवीधर मुले शिकवणीवर्गात पैसे मोजून याच्या युक्त्या शिकतात आणि ही विद्या विलायती समजतात. कामगारांची मुले तर ती आपल्यासाठी नव्हेच, असे धरून चालतात. आम्हांस विषाद वाटतो तो याचा.

आर्यभटीयावर इसवी सन ६२९ मध्ये पहिल्या भास्कराने भाष्य लिहिले. त्यात एक प्रश्न असा आहे: आठांनी भागता पाच उरतात, नवांनी भागता चार, सातांनी भागता एक, संख्या सांगा. शाळा फारशी न पाहिलेल्यानेही हे करून पाहावे. नवांनी भागून चार उरणाऱ्या संख्या ४, १३, २२ अशा नऊ-नऊंनी वाढतात. त्यांतील १३ ला आठांनी भागले की पाच उरतात. आता ७२ मिळवीत जावे. ७२ ला आठ आणि नऊ हे दोन्ही निःशेष भागतात, म्हणून आधीच्या बाक्या ढळत नाहीत. १३ ला सातांनी भागता सहा उरतात, ते चालत नाही. ८५ ला भागता एक उरतो. झाले! २०११ पासून त्या अमेरिकन परीक्षेत पडद्यावर गणकयंत्र मिळते खरे, पण ते दशांशांत उत्तर देते. बाकी माणसालाच काढावी लागते.

संख्या मोठ्या झाल्या की अशी यादी पुरत नाही. त्यासाठी आर्यभटाने ४९९ च्या सुमारास कुट्टक सांगितला. कुट्टक म्हणजे कुटणारा. १३७ आणि ६० घ्या. १३७ ला ६० नी भागून १७ उरतात, ६० ला १७ नी भागून ९, १७ ला ९ नी भागून ८, आणि ९ ला ८ नी भागून १. दगड फोडून खडी करावी तसेच हे. मग आलेल्या भागाकारांच्या साखळीने उलट वर चढायचे.

हा खटाटोप मुख्यतः ग्रहांच्या फेऱ्यांसाठी होता. फेरीचा किती भाग उरला यावरून किती दिवस लोटले ते काढायचे. ज्या कामगाराची सुटी दर सहाव्या दिवशी येते, त्याला ती रविवारी बेचाळीस दिवसांनीच लाभते, हे आमच्या लोकांना कोणी शिकवावे लागत नाही. प्रश्न त्याच जातीचा आहे.

दुसऱ्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत कुट्टकाला स्वतंत्र प्रकरण दिले. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटणला, मठ काढला. तेथील शिलालेखात शके ११२८ चा उल्लेख असून त्याचा काही भाग मराठीत आहे. मठाचा खर्च कसा चालावा, ते त्यात कोरले आहे. राजाश्रयाची स्तुती इतिहासकार पुष्कळ करतात; आम्ही त्या लेखातील दुसऱ्याच तपशिलावर थांबतो. बाजारात येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून जे राजाला मिळे, ते मठाला दिले होते. आणि गावात जितके घाणे चालत, तितक्यांनी घाण्यामागे एकेक पळी तेल मठाला द्यायचे होते.