नुंगंबाक्कम : महाविद्यालयांच्या आवारातील देखभाल कामगार आणि विद्युत सुरक्षा

चेन्नई शहराच्या मध्यवर्ती नुंगंबाक्कम भागात शिक्षणसंस्थांची दाटी आहे. १९१५ साली स्थापन झालेले विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आणि १९२५ साली सुरू झालेले लोयोला महाविद्यालय ही त्यांतील दोन जुनी नावे. येथील कॉलेज रोडचे नाव मात्र या दोहोंवरून नव्हे, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १८१२ मध्ये, स्थापन झालेल्या फोर्ट सेंट जॉर्ज महाविद्यालयावरून पडले. याच रस्त्यावर हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र असून तेथे मोजलेला पाऊस ‘चेन्नईचा पाऊस’ म्हणून देशभर सांगितला जातो. विस्तीर्ण जुनी आवारे आणि मुसळधार पाऊस या दोन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे विजेची देखभाल करणाऱ्या कामगाराची सुरक्षा हा गंभीर विषय ठरतो.

चेन्नईत वर्षाकाठी सरासरी सुमारे १४० सेंटिमीटर पाऊस पडतो. त्यातील अर्ध्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. म्हणजे महाराष्ट्रातून पाऊस माघारी फिरतो, तेव्हा तेथे तो जोर धरू लागतो. नेमका हाच काळ महाविद्यालयांच्या सत्रपरीक्षांचा असतो. परीक्षा चालू असताना इमारतीचा वीजपुरवठा तासभर बंद ठेवण्यास कोणीही सहजी तयार होत नाही. ‘पुरवठा चालू असतानाच उरकून घ्या’ हे वाक्य अशाच दिवसांत उच्चारले जाते आणि अनेक अपघातांचे मूळ याच वाक्यात असते.

मध्य चेन्नईतील वीजवितरण बहुतांशी भूमिगत केबलद्वारे होते. त्यामुळे वादळात तारा तुटण्याचा धोका कमी होतो. पण पाणी साचल्यावर केबलचे सांधे आणि रस्त्याकडेच्या वितरण पेट्या धोकादायक ठरू शकतात. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर चेन्नईतील कोडुंगैयूर येथे साचलेल्या पाण्यात वीजप्रवाह उतरून दोन लहान मुलींचा मृत्यू झाला होता. तो अपघात सार्वजनिक रस्त्यावर घडला. महाविद्यालयाच्या कुंपणाच्या आत हाच धोका बागेतील दिव्यांचे खांब, पाण्याचे पंप, शीतपेयजलाची यंत्रे आणि वसतिगृहातील गीझर यांच्या रूपाने वावरत असतो. फरक एवढाच की, आतील यंत्रणेची जबाबदारी वीज कंपनीची नसते. मीटरपर्यंत पुरवठादार आणि मीटरच्या पुढे ग्राहक, अशी ढोबळ विभागणी आहे. मोठ्या संस्था बहुधा उच्च दाबाने, म्हणजे ११ हजार व्होल्टने, वीज घेतात आणि स्वतःच्या रोहित्राद्वारे ती वापरायोग्य करतात. अशा आवारात तर एक छोटी वीज कंपनीच नांदत असते म्हणावे लागेल. तिचे मालकपण संस्थेकडे आणि जोखीम बहुधा कंत्राटी कामगाराकडे.

कायद्याची चौकट जुनी आहे. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये सुरक्षेच्या सविस्तर तरतुदी होत्या. विद्युत अधिनियम, २००३ अमलात आल्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षाविषयक विनियम काढले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. ही चौकट केंद्रीय असल्यामुळे चेन्नईतील महाविद्यालयास लागू असलेल्या मूलभूत तरतुदी पुणे, नागपूर वा पणजी येथील महाविद्यालयासही लागू आहेत. वायरिंगची कामे, त्यांतील बदल आणि दुरुस्त्या परवानाधारक विद्युत कंत्राटदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली केल्या पाहिजेत, असा दंडक १९५६ पासून चालत आला आहे.

मात्र याच दंडकाला एक अपवाद आहे. दिवे, पंखे, फ्यूज आणि स्विच यांची अदलाबदल, यंत्रणेची क्षमता वा स्वरूप बदलत नसेल तर, या अटीतून वगळण्यात आली होती. अपवाद व्यवहार्य होता. बल्ब बदलण्यासाठी कंत्राटदारास पाचारण करणे कोणासच परवडणार नाही. परंतु आवारातील देखभाल कामगाराचा दिवसभराचा उद्योग पाहिला, तर तो नेमका याच चार वस्तूंभोवती फिरतो. ज्या कामांसाठी कायद्याने प्रमाणपत्राचा आग्रह धरला नाही, तीच कामे तो रोज, शिडीवर उभा राहून, कित्येकदा एकटाच करतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून तारतंत्री वा वीजतंत्री होऊन आलेल्या कामगारास धोक्याची निदान ओळख असते. नळकाम, बागकाम किंवा सफाईसाठी नेमलेल्या माणसाला ‘जाता जाता तेवढी ट्यूब बदल’ असे सांगितले जाते, तेव्हा तीही नसते.

आपल्याकडे घरगुती पुरवठ्याचा दाब २३० व्होल्ट असतो. शरीरातून सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाह गेल्यास मुंग्या आल्यासारखे वाटते. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली तार सोडता येत नाही. प्रवाह त्याहून वाढून छातीतून काही काळ वाहिला, तर हृदयाची लय बिघडते आणि मृत्यू ओढवू शकतो. तुलनेसाठी सांगायचे, तर १५ वॉटचा साधा ‘झिरो’चा बल्ब सुमारे ६५ मिलिअँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे रात्रीचा तो मिणमिणता दिवा पेटवणारा प्रवाह माणसाचा प्राण घेण्यास पुरेसा आहे. फ्यूज किंवा एमसीबी यांपासून येथे संरक्षणाची अपेक्षा करता येत नाही. ती साधने सहा, दहा, सोळा अँपिअरच्या हिशेबाने बसवलेली असतात आणि त्यांचे काम तारा जळू न देणे हे आहे. माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून क्षणार्धात पुरवठा तोडणारे आरसीसीबी हे वेगळे उपकरण लागते. त्यावर चाचणीचे बटण असते. ते दाबूनही पुरवठा खंडित झाला नाही, तर त्या उपकरणावर विसंबता येत नाही.

आरसीसीबीबरोबरच भूसंपर्कन, म्हणजे अर्थिंग, सुस्थितीत असावे लागते. चेन्नईची दमट, खारी हवा लोखंडी पट्ट्या आणि त्यांचे सांधे लवकर गंजवते. अर्थिंगचा रोध मोजण्याचे काम अनेक ठिकाणी पावसाळ्यात उरकले जाते. जमीन ओली असल्यामुळे आकडा समाधानकारक येतो आणि नोंदवहीत बरोबरची खूण होते. खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत, जमीन कोरडी असताना होते.

पुरवठा बंद असणे आणि वाहिनी निर्जीव असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असेल, तर दिवा विझतो पण होल्डरमध्ये वीज राहते. मुख्य पुरवठा बंद केल्यावर जनित्र आपोआप सुरू होते आणि सदोष जोडणीमुळे उलट दिशेने वीज येऊ शकते. इन्व्हर्टरचेही तसेच. पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी बसवलेले कपॅसिटर बंद केल्यानंतरही काही काळ भारित असतात. अलीकडे महाविद्यालयांच्या गच्चीवर सौर पॅनेल आली आहेत. ऊन असेपर्यंत त्यांच्या तारांमध्ये शेकडो व्होल्टचा दाब कायम राहतो आणि खालचा स्विच बंद करून तो नाहीसा होत नाही.

म्हणूनच विद्युत क्षेत्रात कामाचा एक क्रम रूढ आहे. सर्व बाजूंनी पुरवठा तोडावा. तोडलेल्या स्विचला कुलूप लावून त्याची किल्ली काम करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी. कोण काम करीत आहे याची चिठ्ठी तेथे अडकवावी. योग्य साधनाने वाहिनी निर्जीव असल्याची खात्री करावी. आणि आवश्यक तेथे ती अर्थ करावी. यातील कुलूप सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. तिसऱ्या मजल्यावर कामगार पंख्याच्या तारा जोडत असताना तळमजल्यावर कोणी ‘लाइट का गेले’ म्हणून मेन स्विच वर करतो, हा प्रसंग टाळण्यास केवळ सूचना पुरत नाही. खिशातल्या निऑन टेस्टरवरही फार विश्वास नको. भर उन्हात त्याचा प्रकाश दिसत नाही. कोणतेही तपासणी साधन आधी चालू वाहिनीवर लावून पाहावे, मग कामाच्या जागी, आणि पुन्हा चालू वाहिनीवर.

हातमोजे, रबरी बूट, सुरक्षा पट्टा, शिडी, शिरस्त्राण, टेस्टर अशी साधने कामगारास पुरवली पाहिजेत आणि ती सदैव सुस्थितीत ठेवली पाहिजेत, हेही १९५६ च्या नियमांपासून लिहून ठेवलेले आहे. रबरी हातमोज्यास टाचणीएवढे छिद्र असले तरी त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून दर वेळी वापरापूर्वी त्यात हवा कोंडून, मनगटाकडून गुंडाळत नेऊन ती कोठून निसटते का, हे पाहतात. तामिळनाडूत महानवमीला आयुधपूजा होते, आपल्याकडील खंडेनवमीच. त्या दिवशी हत्यारांबरोबर यंत्रांना आणि वीजफलकांनाही हळदकुंकू लावले जाते. ईशान्य मोसमी पाऊस तेव्हा उंबरठ्यावर असतो. साधने एकत्र मांडली जातात, त्याच सकाळी त्यांची तपासणीही करून घेण्यास हरकत नसावी.

धोक्याच्या पाट्यांचा प्रश्न भाषेचा आहे. कवटी आणि हाडांच्या चिन्हाखाली हिंदी किंवा इंग्रजी आणि जिल्ह्याची स्थानिक भाषा असावी, असा नियम आहे. चेन्नईत ती तमिळ. तमिळ पाटीवरचा शब्द ‘अपायम’ असा आहे. मराठी माणसाने तो ऐकला तर लगेच कळेल, पण लिपीमुळे वाचता येणार नाही. बिहार, ओडिशा, आसाम येथून आलेल्या कामगारांची अडचण याहून मोठी आहे. चिन्ह त्यांना समजते. मात्र विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीवर करावयाच्या उपचारांचा तक्ता चिन्हांनी सांगता येत नाही.

तो तक्ता थोडक्यात असा : धक्का बसलेल्या व्यक्तीस हात न लावता प्रथम पुरवठा तोडावा. ते शक्य नसल्यास कोरडे लाकूड वा तत्सम वीजरोधक वस्तूने तिला दूर करावे. उच्च दाबाच्या वाहिनीजवळ मात्र हा प्रयत्नही करू नये. श्वास चालत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. शुद्धीवर असलेल्या रुग्णासही रुग्णालयात न्यावे, कारण हृदयाच्या लयीतील बिघाड बाहेरून दिसत नाही.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ नुसार जीवितहानी वा इजा झालेल्या अपघाताची सूचना विद्युत निरीक्षकास देणे बंधनकारक असून, प्राणघातक अपघाताबाबत ही मुदत चोवीस तासांची आहे. कंत्राटदाराच्या कामगारास मुख्य मालकाकडूनही भरपाई मागता येण्याची तरतूद १९२३ च्या कायद्यात काही अटींसह होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती राखण्यात आली आहे. तेव्हा अपघातानंतरच्या चौकशीत काही प्रश्न टळत नाहीत : पुरवठा कोणी बंद केला, किल्ली कोणाकडे होती, आणि काम करण्याची परवानगी कोणी, किती वाजता, लेखी दिली होती.