भिंतीवरचं ‘नाही’

आपल्या गावच्या भिंतींवर निवडणुकीच्या घोषणा असतात, ‘लेक वाचवा’ असतं. त्यातलं बरंचसं आपल्याबद्दल असतं, पण लिहिताना आपल्याला कुणी विचारलेलं नसतं. आज आम्ही अशा एका शहराची हकिकत सांगतो, जिथं बाईनं स्वतः भिंतीवर लिहिलं.

शहर कैरो, इजिप्तची राजधानी. होस्नी मुबारक तिथं जवळजवळ ३० वर्षं सत्तेवर होते आणि तेवढा सगळा काळ आणीबाणीचा कायदा होता. सरकारविरुद्ध भिंतीवर लिहायचं म्हणजे तुरुंगाची तयारी ठेवायची. जानेवारी २०११ मध्ये लोक तहरीर चौकात जमले. १८ दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, मुबारक गेले. शहरभर भिंती रंगू लागल्या. सत्ता मात्र लष्कराकडे गेली.

त्याच डिसेंबरात सैनिकांनी आंदोलनातल्या एका बाईला रस्त्यावरून फरफटत नेलं. तिचा झगा वर गेला, आतली निळी ब्रा दिसली. तो फोटो जगभर गेला. काहींनी उलट तिलाच विचारलं, ‘ती तिथं गेलीच कशाला?’ हा प्रश्न आपणही ऐकलेला आहे. २० डिसेंबरला हजारो बायका कैरोच्या रस्त्यावर उतरल्या.

बहिया शिहाब या कलेच्या इतिहासाच्या अभ्यासक. अरबीत ‘नाही’ला ‘ला’ म्हणतात. मशिदी, भांडी, कापड, जुन्या पोथ्या यांवरून त्यांनी ‘ला’ लिहिण्याच्या हजार तऱ्हा आधीच जमवल्या होत्या. आता आपण रांगोळीचा छापा ठेवतो, तसा कापलेला छापा भिंतीला लावून त्या रंग फवारू लागल्या. लष्करी राजवटीला नाही. हिंसेला नाही. एका छाप्यात निळी ब्रा होती, आणि म्हणणं होतं, माणसांना उघडं करायला नाही. लाज त्या बाईची नव्हती, फरफटत नेणाऱ्यांची होती, हे येणाजाणाऱ्याला भिंतीवर दिसलं.

सप्टेंबर २०१२ मध्ये चौकाजवळच्या मोहम्मद महमूद रस्त्यावरची चित्रं रंग फासून पुसली गेली. चित्रकार लगेच परतले आणि त्याच कोऱ्या भिंतीवर पुन्हा काढू लागले. पुढं निर्बंध कडक झाले, आणि २०१५ साली त्या भिंतीचा काही भागही पाडला गेला.

रंग गेला, पण रस्त्यावर आपला हक्क किती, हा प्रश्न राहिलाच. सख्यांनो, पुढच्या बैठकीत एवढं बोलूया: चावडीच्या भिंतीवर आपल्याला एकच ओळ लिहायला मिळाली, तर आपण काय लिहू?