बंबाची धांव आणि रुग्णवाहिकेची घाई

रस्त्यानें आगीचा बंब निघाला, कीं मुलें गॅलरीकडे धांवतात, वाटसरू थबकतात, आणि क्षणभर सर्वांच्याच मनांत एक आदरयुक्त थरार उत्पन्न होतो. एके काळीं पितळी घंटा हा थरार उत्पन्न करी. पुढें तें काम भोंग्याकडे आलें. रुग्णवाहिका जातांना थरारापेक्षां काळजीच अधिक वाटते. ह्या दोन्ही वाहनांविषयीं लोकांची एक समजूत फार दृढ आहे: तीं जितकीं भरधांव जातील तितकें बरें. परंतु गेल्या सव्वादोनशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर ही समजूत अर्धीच खरी ठरते. जीव वांचविणारीं मिनिटें भर रस्त्यांत फारशीं मिळत नाहींत. तीं बहुधा चाक फिरूं लागण्यापूर्वीं तरी मिळतात, किंवा चाक थांबल्यानंतर तरी. एवढी साधी गोष्ट कळावयास बराच काळ, आणि बरेंच रक्तहि, खर्चीं पडलें.

१७९२ सालीं फ्रान्सची सेना ऱ्हाइन नदीच्या कांठीं लढत असतां डॉमिनिक लारे नांवाचा एक तरुण शल्यवैद्य तिच्याबरोबर होता. त्या वेळच्या लष्करी नियमाप्रमाणें रुग्णालयाचे अवजड गाडे रणभूमीपासून एक लीग, म्हणजे सुमारें चार किलोमीटर, मागें उभे असत. लढाई संपली म्हणजे मग जखमींचा शोध. तोंपर्यंत एक दिवस सहज निघून जाई, आणि त्याबरोबर कित्येकांचे प्राणहि. घोडतोफखाना हां हां म्हणतां जागा बदलतो, मग जखमींची गाडी कां बदलूं नये, असें लारेच्या मनानें घेतलें. त्यांतून त्याची 'उडती रुग्णगाडी' जन्मास आली. नांव उडती खरें. पण तिची करामत उडण्यांत नव्हती. गाडी हलकी, दोन चाकांची. खालीं स्प्रिंगा, आंत गादी, बाजूंस हवेसाठीं लहान खिडक्या. हाड मोडलेल्या शिपायास वाटेंतला प्रत्येक गचका म्हणजे नवी जखम, हें तो वैद्य पुरतें ओळखून होता. मुख्य म्हणजे गाडीबरोबर शल्यवैद्य स्वतः जाई. रोगी उपचाराकडे नेण्यापूर्वीं उपचारच रोग्याकडे निघाला, हा तिचा खरा वेग.

आगीच्या बंबाची कथा निराळी. लंडन शहराची 'मेट्रोपॉलिटन फायर ब्रिगेड' १८६६ सालीं स्थापन झाली, आणि कॅप्टन शॉ हा तिचा पहिला प्रमुख. वाफेचा पंप, धगधगणारी भट्टी, वर बसलेलीं पितळी शिरस्त्राणें घातलेलीं माणसें, आणि पुढें चौखूर उधळलेले घोडे असा तो सारा सरंजाम दगडी फरशीवरून जाई. घंटा पुष्कळ वर्षें नव्हतीच. बंबावरचे जवान 'हाय! हाय !' असें ओरडत रस्ता मोकळा करून घेत. मराठी कानांस ती आरोळी शोकाची वाटेल, आणि एखाद्या वळणावर ती तशी ठरण्याचा संभवहि असे. ओल्या फरशीवर घोड्याचा पाय घसरला, तर मागून येणाऱ्या टनावारी लोखंडास थांबविणें सारथ्याच्या हातीं फारसें उरत नसे.

चतुर लोकांनीं म्हणूनच काळ वांचविण्यासाठीं दुसरीकडे दृष्टि वळविली. १८५२ सालीं बोस्टन शहरांत आगीची वर्दी देण्याकरितां विजेच्या तारायंत्राची योजना झाली. धांवत जाऊन सांगण्यांत जीं मिनिटें जात तीं एका फटक्यांत वांचलीं, आणि त्यासाठीं एकाहि घोड्यास चाबूक मारावा लागला नाहीं. १८७८ मध्यें शिकागोच्या एका ठाण्यांत वरच्या माळ्यावरून खालीं घसरण्यासाठीं खांब बसविला गेला. तें ठाणें कृष्णवर्णी जवानांचें होतें, आणि ही कल्पना त्यांच्या कॅप्टन केन्यन ह्या अधिकाऱ्याची. जिन्याच्या पायऱ्या उतरण्याचा वेळ त्यानें असा काढून टाकला. आरंभीं लोक हंसले म्हणतात, पण पुढें तेच खांब जगभर झाले. अमेरिकेंतील ठाण्यांत घोड्यांचा साज छतास टांगून ठेवीत. घंटेचा ठोका पडतांच शिकविलेले घोडे आपण होऊन जागेवर येऊन उभे राहत, दोरी ओढली कीं साज पाठीवर पडे, आणि गळपट्टा एका खटक्यांत अडके. १८६९ सालीं न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयानें डॉ. एडवर्ड डाल्टन ह्यांच्या पुढाकारानें रुग्णगाड्या सुरू केल्या, तेव्हां त्यांनींहि हीच युक्ति उचलली. त्या गाडींत डॉक्टर असे. बरोबर पट्ट्या, खपल्या, ब्रँडी व पोट धुण्याचा पंप.

मोटार आली आणि घोडे गेले. त्याबरोबर एक जुना शहाणपणाहि गेला. घोडा दमे, बिचके; यंत्र दमत नाहीं. माणसाची घाई आणि यंत्राची ताकद ह्यांची अशी गांठ पडली. बंबाच्या दोन्ही बाजूंस बांकावर, बाहेर तोंड करून, जवान बसत किंवा उभे राहत. इंग्लंडांत ह्या रचनेस ब्रेडवुड ह्याचें नांव होतें. जेम्स ब्रेडवुड हा लंडनच्या अग्निदलाचा थोर नायक; १८६१ च्या टूली स्ट्रीटच्या आगींत भिंत अंगावर कोसळून तो मरण पावला. पण त्याच्या नांवाच्या ह्या बांकांवरून आगीपर्यंत न पोंचतांच पडण्याचें भय असे. धांवत्या बंबावर एका हातानें पितळी दांडा धरावयाचा आणि दुसऱ्या हातानें अंगरख्याच्या गुंड्या लावावयाच्या. अशांत वळण आलें म्हणजे काय होईल, हें सांगावयास नको. बंद गाड्या पुढें आल्या खऱ्या, परंतु मागच्या पायरीवर उभें राहून जाण्याची रीत अमेरिकेंत फार टिकली. प्रत्येक जवानानें आंत बसून पट्टा बांधलाच पाहिजे, असा तेथील अग्निसंरक्षण संघटनेचा दंडक १९८७ सालचा. त्या देशांत कामावर असतां मरण पावणाऱ्या जवानांत हृदयविकाराच्या खालोखाल वाहनांचे अपघात हेंच कारण वर्षानुवर्षें राहिलें आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या दंडकाचें मोल कळतें.

ह्या जागीं थोडें गणित करणें अवश्य आहे. आग तीन किलोमीटरवर आहे. ताशीं ३६ किलोमीटर वेगानें बंब पांच मिनिटांत पोंचेल. ताशीं ४५ किलोमीटरनें चार मिनिटांत. मिळालें एक मिनिट. परंतु ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्यास लागणारें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, म्हणजे तें दीडपटीहूनहि अधिक झालें. शिवाय बंब म्हणजे कांहीं साधी मोटार नव्हे. साडेचार हजार लिटर पाणी म्हणजे साडेचार टन वजन; आणि टांकी अर्धवट भरलेली असली तर तें पाणी वळणावर एका बाजूस लोटतें व गाडीस ओढून नेतें. म्हणून टांकींत आडवे पडदे घालतात. पडद्यांनीं पाण्याचा लोट कमी होतो. चालकाचा उतावीळपणा कमी होत नाहीं.

तो कमी करण्याचें शास्त्र विचित्र मार्गानें आलें. १९३० नंतरच्या दशकांत लंडनच्या पोलिसांनीं हेंडन येथें मोटार चालविण्याची शाळा काढली आणि तिला सल्ला देण्यास लॉर्ड कॉटनहॅम ह्यांस बोलाविलें. हे गृहस्थ मोटारींच्या शर्यतींत गाजलेले. पण ज्यास वेग खरोखर ठाऊक असतो त्यास त्याची किंमतहि ठाऊक असते. त्या शाळेंत तयार झालेली पद्धत म्हणजे क्रमाची शिस्त: पुढील धोका आधींच हेरावा, गाडी योग्य जागीं घ्यावी, मागें पाहावें, वेग उतरवावा, गियर बदलावा, आणि मगच वळावें. हीच शिस्त पुढें ब्रिटनमधील रुग्णवाहिकांच्या व बंबांच्या चालकांसहि शिकविली गेली.

रुग्णवाहिकेच्या बाबतींत तर १९६६ सालीं बेलफास्ट शहरांत लारेची जुनी कल्पना पुन्हां उभी राहिली. डॉ. फ्रँक पँट्रिज हे दुसऱ्या महायुद्धांत जपान्यांच्या कैदेंत हालअपेष्टा सोसून आलेले. हृदयविकाराचे पुष्कळ रोगी पहिल्या तासांतच, रुग्णालयाच्या दारापर्यंत न येतांच, दगावतात, हें त्यांनीं पाहिलें. हृदयास विजेचा धक्का देणारें यंत्र त्यांनीं मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालेल असें केलें. त्याचें वजन सुमारें ७० किलो होतें. तें यंत्र व डॉक्टर रोग्याच्या घरीं जाऊं लागले. रोग्याची स्थिति सांवरल्यावर मग त्यास नेणें. परतीच्या वाटेंत उधळण्याचें कारणच उरलें नाहीं. हेलकावे खाणाऱ्या गाडींत रोग्याची छाती दाबून हृदय चालतें ठेवणें किती कठीण, हें ज्या परिचारकांनीं केलें आहे त्यांस विचारावें. बहुधा त्या वेळीं त्यांस पट्टा बांधतां येत नाहीं, आणि अपघात झाला तर मागें उभा असलेला परिचारक प्रथम फेंकला जातो.

मुंबईचें अग्निदल आरंभीं पोलिसांकडे होतें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तें नगरपालिकेकडे आलें. ह्या दलाच्या धैर्याविषयीं कोणास शंका असेल तर त्यानें १४ एप्रिल १९४४ आठवावा. व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' ह्या जहाजावर कापसाच्या गांठी आणि दारूगोळा एकत्र होता. आग विझविण्याचें काम चालू असतांच स्फोट झाले, आणि ६६ जवान कर्तव्यावर मरण पावले. तो दिवस आतां देशभर अग्निशमन सेवेचा स्मृतिदिन म्हणून पाळतात. तें धैर्य दाखविण्यास प्रथम धक्क्यावर सुखरूप पोंचणें अवश्य होतें, ही गोष्ट कोणीच बोलून दाखवीत नाहीं.

कायदा दोघांसहि बांधतो. बंबास व रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनें दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊं शकतात. (वाट न देणाऱ्यापेक्षांहि, मोकळी झालेली वाट पाहून रुग्णवाहिकेच्या शेंपटीस चिकटणारा जो मोटारवाला असतो, त्याची लाज कोणत्या कलमांत मोजावी हा प्रश्नच आहे.) २०१७ चे नियम आणीबाणींत चालकास लाल दिवा ओलांडण्याची मुभा देतात, परंतु पूर्ण काळजी आणि जबाबदारी संभाळून. भोंगा वाजतो आहे म्हणून आडव्या रस्त्यावरच्या माणसास तो ऐकूं आलाच असें नाहीं. कांच वर केलेली असते, गाणें चालू असतें, उंच इमारतींमुळें आवाज कोठून येतो हेंच उमगत नाहीं. म्हणून मुरलेला चालक लाल दिव्यापाशीं वेग जवळजवळ शून्यावर आणतो. मागें बसलेले नातेवाईक ओरडतात, "अहो, चला ना!" तो डावीकडे पाहतो, उजवीकडे पाहतो, थांबलेल्या बसच्या आडून कोणी निघत नाहीं ना ह्याची खात्री करतो, आणि मग गाडी पुढें काढतो.