‘केवळ प्रौढांसाठी’ : एका शिक्क्याचा इतिहास

साहित्यशास्त्राच्या तासाला नायिकाभेद शिकवताना आपण मुग्धा, मध्या आणि प्रौढा अशी त्रयी सांगतो. तेथील प्रौढत्व हा निव्वळ वयाचा हिशेब नसतो. अनुभव पचवण्याची आणि त्याकडे सजगपणे पाहण्याची क्षमता त्यात गृहीत असते. चित्रपटगृहाबाहेरच्या ‘केवळ प्रौढांसाठी’ या पाटीत मात्र हाच शब्द जन्मतारखेपुरता उरतो. शिवाय जन्मतारीख पटल्यावरही पाटी लावणाऱ्या शासनाचा त्या प्रौढावर विश्वास बसतोच असे नाही. भारतातील ‘ए’ प्रमाणपत्राचा इतिहास हा आमच्या मते या अविश्वासाचा इतिहास आहे.

ब्रिटिशांनी १९१८ साली सिनेमॅटोग्राफ कायदा केला आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परिनिरीक्षण मंडळे काम करू लागली. त्या काळातील कात्रीची खरी धार राजकीय मजकुरावर चाले. १९२१ च्या ‘भक्त विदुर’मधील विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून त्या चित्रपटावर बंदी आली. प्रभातच्या ‘स्वराज्याचे तोरण’ला १९३० साली ‘उदयकाल’ व्हावे लागले, तर एकनाथांवरील ‘महात्मा’ला १९३५ साली ‘धर्मात्मा’. उलट १९३३ च्या ‘कर्मा’त देविका राणी आणि हिमांशू राय यांचे चुंबन पडद्यावर आले, त्याने साम्राज्याला धोका वाटला नाही. परक्या सरकारला प्रजेच्या शीलापेक्षा तिच्या निष्ठेची चिंता अधिक होती, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

स्वातंत्र्यानंतर कात्रीचा रोख बदलला. १९४९ च्या दुरुस्तीने ‘यू’ आणि ‘ए’ असे दोन वर्ग निर्माण झाले, १९५१ साली केंद्रीय मंडळ आले आणि १९५२ च्या कायद्याने ही चौकट पक्की केली. या वर्गीकरणामागील तत्त्व उदार होते. जे मुलांनी पाहू नये ते मोठ्यांनी पाहण्यास हरकत नाही, ही त्याची साधी कबुली होती. कायद्याने प्रौढत्वाचे वय १८ ठरवले. मतदानाचे वय मात्र १९८९ पर्यंत २१ होते. म्हणजे जवळजवळ चार दशके या देशातील तरुण ‘प्रौढांचा’ चित्रपट पाहण्याइतका मोठा आणि सरकार निवडण्याच्या दृष्टीने लहान होता!

परंतु कागदावरचा हा विश्वास व्यवहारात उतरला नाही. शिक्का ‘ए’चा आणि त्याखेरीज कापाकापी, असा दुहेरी प्रघात पडला. कात्री लावायचीच असेल तर शिक्का कशासाठी, आणि शिक्का मारला असेल तर कात्री कशासाठी, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. नैतिकतेची मागणी केवळ शासनाकडून येत होती असेही नाही. १९५४ साली दिल्लीतील सुमारे १३,००० स्त्रियांनी चित्रपटांच्या दुष्परिणामांविषयी पंतप्रधान नेहरूंना निवेदन दिले होते. शासनाच्या कात्रीला समाजाचा हात होता, हे विसरून हा इतिहास लिहिता येणार नाही.

हा प्रश्न ऐरणीवर आणला तो ख्वाजा अहमद अब्बास यांनी. ‘चार शहर एक कहानी’ हा त्यांचा लघुपट १९६८ चा. महानगरांतील वैभव आणि दैन्य शेजारी शेजारी ठेवणाऱ्या या लघुपटात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. मंडळाने ‘ए’ देऊ केले. ‘यू’ हवे असेल तर ती दृश्ये वगळा, असे केंद्र सरकारने सुचवले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीच्या ओघात सरकारने विनाकाट ‘यू’ देण्याची तयारी दाखवली, तेव्हा अब्बासांनी स्वतःचे काम झाले म्हणून माघार घेतली नाही. याचिकेत दुरुस्ती करून त्यांनी पूर्वपरिनिरीक्षणालाच आव्हान दिले. १९७० साली सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने ते आव्हान फेटाळले. चित्रपट इतर कलांपेक्षा मनाला अधिक खोलवर हलवतो, म्हणून त्याला वेगळी वागणूक देणे योग्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच निकालात कामविषय आणि अश्लीलता ही एकच नव्हेत, आणि समाजातील सर्वांत दुबळ्या मनाच्या माणसावरून इतरांनी काय पाहावे हे ठरवू नये, असेही बजावले गेले. कात्री शाबूत राहिली, पण तिने अदब शिकावी अशी अपेक्षा व्यक्त झाली.

त्याआधी १९६९ साली न्यायमूर्ती खोसला समितीने कथेची गरज असेल तेथे चुंबन आणि नग्नता यांना मज्जाव असू नये, अशी शिफारस केली होती. ती धूळ खात पडली. दरम्यान रंगभूमीवरही हाच झगडा चालू होता. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर १९७२ साली राज्याच्या परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. आज आपण जे नाटक निर्धास्तपणे वर्गात शिकवतो, ते या न्यायालयीन लढ्यातून तगून आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

१९८३ साली ‘यूए’ आणि ‘एस’ हे वर्ग आले. मंडळाच्या नावातील ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आले आणि दाद मागण्यासाठी अपिलीय न्यायाधिकरण अस्तित्वात आले. नाव बदलले तरी हात तोच राहिला. तरीही न्यायाधिकरणाचा उपयोग झाला, हे ‘बँडिट क्वीन’च्या प्रकरणावरून दिसते. त्याने ‘ए’ प्रमाणपत्र देऊ केले, त्या पीठावर तीन स्त्रिया होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने ते प्रमाणपत्र रद्द केले, पण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बहाल केले. विवस्त्र करून धिंड काढल्याचे दृश्य वासना चाळवत नाही, अत्याचाराविषयी घृणा उत्पन्न करते, हा त्या निकालाचा गाभा होता. येथे प्रथमच प्रौढ प्रेक्षक खऱ्या अर्थाने प्रौढ मानला गेला, असे आम्हाला वाटते.

हा सूर टिकला नाही. मंडळाचे अध्यक्ष विजय आनंद यांनी निव्वळ प्रौढांच्या चित्रपटांसाठी वेगळा वर्ग आणि वेगळी चित्रपटगृहे असावीत असे सुचवले. सरकारला ते मानवले नाही आणि २००२ साली त्यांनी राजीनामा दिला. २०१६ साली श्याम बेनेगल समितीने मंडळाने कापू नये, फक्त वर्ग ठरवावा, अशी भूमिका घेतली. पुढल्याच वर्षी रवी जाधव यांचा ‘न्यूड’ गोव्यातील आंतरराष्ट्रीय महोत्सवातून मंत्रालयाने वगळला. कलाशाळेत मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका कष्टकरी बाईची ती कथा. २०१८ साली त्याच चित्रपटाला विनाकाट ‘ए’ मिळाले. न्यायाधिकरण २०२१ साली बरखास्त झाले. आता दाद मागायची तर थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन स्तर केले. मुलांच्या वयाचा इतका बारीक विचार झाला. १८ ओलांडलेल्यांच्या बाबतीत मात्र कात्रीचा अधिकार जागच्या जागी आहे.

मुलांना जपायचे हे मान्यच आहे, त्यासाठीच तर वर्गीकरण असते. पण आमच्यासमोर बाकांवर बसणारी मुले-मुली १८-२० वर्षांची असतात. त्यांच्या हाती आपण तेंडुलकर देतो आणि चर्चा करा, मत मांडा म्हणतो. मत मांडण्यासाठी आधी संपूर्ण कृती समोर असावी लागते. कापलेल्या कृतीवर वाचकाला काय किंवा प्रेक्षकाला काय, स्वतःचा निवाडा करताच येत नाही. तो त्याच्या वतीने आधीच कोणीतरी करून ठेवलेला असतो. प्रौढत्व वयाबरोबर आपोआप येत नाही, निवाडा करता करताच ते येते. ती संधी नाकारायची आणि मग प्रेक्षक अद्याप प्रगल्भ झालेला नाही अशी तक्रार करायची, हे चक्र १९४९ पासून फिरते आहे.