सेवा-आराखडा

सेवा-आराखडा म्हणजे एखादी सेवा घेताना ग्राहक काय करतो आणि ती देणारे कर्मचारी त्याच्यासमोर व त्याच्या नजरेआड काय करतात, हे क्रमवार दाखवणारी आकृती होय. इंग्रजीत तिला ‘सर्व्हिस ब्लूप्रिंट’ म्हणतात.

इतिहास

कामाचे टप्पे दाखवण्यासाठी फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याने १९२१ मध्ये प्रक्रिया-आलेखाची पद्धत मांडली. तिचा भर उत्पादनावर होता. सेवा मात्र बहुधा दिली जात असतानाच घेतली जाते. तयार वस्तूप्रमाणे ती आधी तपासून ठेवता येत नाही. ही अडचण ओळखून अमेरिकेच्या बँकिंग क्षेत्रातील जी. लिन शोस्टॅक यांनी सेवा-आराखड्याची कल्पना मांडली. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील त्यांच्या १९८४ च्या लेखाने तिला प्रसिद्धी मिळाली.

रचना

आज रूढ असलेल्या आराखड्यात वरून खाली पाच ओळी असतात: ग्राहकाला दिसणाऱ्या वस्तू, ग्राहकाच्या कृती, कर्मचाऱ्यांच्या दृश्य कृती, त्यांच्या अदृश्य कृती आणि साहाय्यक प्रक्रिया. ग्राहक व कर्मचारी यांच्या कृतींमध्ये ‘संपर्करेषा’, दृश्य व अदृश्य कृतींमध्ये ‘दृश्यतारेषा’ आणि साहाय्यक प्रक्रियांच्या वर ‘अंतर्गत संपर्करेषा’ आखतात.

उदाहरण

शोस्टॅक यांनी रस्त्याच्या कोपऱ्यावरील बूट-पॉलिशचे उदाहरण घेतले. ब्रश मारणे, पॉलिश लावणे, चकाकी आणणे आणि पैसे घेणे, असे त्याचे चार टप्पे. त्यांसाठी त्यांनी एकूण दोन मिनिटांचा प्रमाण कालावधी धरला. चुकीच्या रंगाचे पॉलिश लागण्याची शक्यता त्यांनी ‘चूक-स्थान’ म्हणून दाखवली आणि तेथेच बूट पुसून पुन्हा सुरुवात करण्याचा उपायही जोडला. सामानाची निवड व खरेदी त्यांनी दृश्यतारेषेखाली ठेवली.

महत्त्व व मर्यादा

ग्राहकाला चूक दिसते ती समोरच्या कर्मचाऱ्याच्या हातून. तिचे मूळ मात्र पुष्कळदा दृश्यतारेषेखाली असते. योग्य रंगाचे पॉलिश खरेदीच झाले नसेल, तर बूट चमकवणाऱ्याला दोष देऊन सेवा सुधारत नाही. अशा वेळी चूक नेमकी कोठे उद्भवली, हे आराखड्यावरून शोधता येते. मात्र प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना न विचारता आखलेला आराखडा काम कसे चालते हे न दाखवता, ते कसे चालावे एवढेच दाखवतो.