परीक्षा दोन तासांची, कागद वर्षभराचे: मावळ-लोणावळ्यातून वकिलीच्या प्रवेशाची तयारी

पावसाळा सुरू झाला की मला येणाऱ्या फोनमध्ये एक वाक्य हमखास असते: "ताई, सीईटीला मार्क चांगले आहेत, पण व्हॅलिडिटी नाही." काही वर्षांपूर्वी असाच फोन कामशेतच्या बाजूच्या एका मुलीचा आला होता. बी.ए. झालेली, घरातली पहिली पदवीधर. जातीचा दाखला फाइलमध्ये होता. तेवढ्यावर भागते, असा तिचा समज. वैधता प्रमाणपत्राशिवाय तिचा अर्ज खुल्या प्रवर्गात गेला. जे कॉलेज मिळाले त्याची फी घराला झेपणारी नव्हती. वर्ष वाया गेले. पुढच्या वर्षी तिने कागद आधी केले आणि प्रवेश घेतला.

आपल्या मुलामुलींचे प्रवेश परीक्षेत जेवढे अडकतात, त्याहून जास्त कागदात अडकतात, हा माझा अनुभव आहे. म्हणून या लेखात अभ्यासाआधी कागदांची माहिती दिली आहे.

कोणता अभ्यासक्रम, कोणती परीक्षा

वकील होण्याच्या वाटा दोन. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. दोन्हींसाठी बारावीला किंवा पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. बारावीच्या किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच प्रवेश परीक्षा देता येते.

मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांनी एक नियम लक्षात ठेवावा. दहावी, बारावी करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर अडचण नाही. बारावी न करता थेट पदवीला प्रवेश घेतला असेल, तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तो उमेदवार अपात्र ठरतो. एलएल.बी. स्वतः मात्र पत्राद्वारे किंवा दूरस्थ पद्धतीने करता येत नाही. वर्गात ७० टक्के हजेरी लागते. कंपनीत शिफ्ट करून शिकणाऱ्यांनी हा हिशोब आधीच मांडावा.

महाराष्ट्रातील बहुतेक विधी महाविद्यालयांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष 'एमएच-सीईटी लॉ' घेतो. तीन आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या परीक्षा वेगळ्या असतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी 'क्लॅट' ही वेगळी परीक्षा आहे. आपल्या राज्यात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. क्लॅट फक्त इंग्रजीत असते आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. अभिमत आणि खासगी विद्यापीठांच्या परीक्षा आणखी वेगळ्या आणि त्यांची फीही वेगळी. मावळातल्या बहुतेकांसाठी जवळची आणि परवडणारी वाट सीईटीचीच आहे.

जातीचा दाखला आणि 'बौद्ध' ही नोंद

आपल्या घरांत सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. अनुसूचित जातींच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशात सुरुवातीला फक्त हिंदू धर्मातील जाती होत्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांचा समावेश झाला. महाराष्ट्रात नवबौद्धांना राज्याच्या सवलती त्याआधीपासून होत्या. म्हणजे बौद्ध असल्यामुळे अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. पण 'बौद्ध' हा धर्म आहे, अनुसूचीतली जात नाही. म्हणून पुराव्यात मूळ जात दिसावी लागते.

अनेक घरांत आजोबांच्या शाळेच्या नोंदीत 'महार', वडिलांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध' आणि मुलीच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' असते. यात लपवण्यासारखे किंवा लाजण्यासारखे काही नाही. आपल्या दाखल्यावरचे 'बौद्ध' बदलायचेही नाही. फक्त वडिलांच्या बाजूचा जुना पुरावा शोधून जोडायचा: आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा यांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या प्रवेश रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूची नोंद. अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५० आहे. त्याआधीचा जातीचा आणि राज्यातील वास्तव्याचा पुरावा सर्वात भक्कम मानला जातो.

रेल्वे, कारखाने किंवा हॉटेलच्या कामासाठी लोणावळ्यात येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांचा पुरावा बऱ्याचदा मूळ गावच्या जिल्हा परिषद शाळेत असतो. तिथे एक फेरी मारावीच लागते. मे महिन्यात शाळा बंद असतात, म्हणून ही फेरी दिवाळीच्या आधी करा.

दाखला मावळ-मुळशीच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. अर्ज महा ई-सेवा केंद्रातून किंवा 'आपले सरकार' पोर्टलवरून करता येतो. लग्न झालेल्या मुलींचा दाखला माहेरच्या, म्हणजे वडिलांच्या कागदांवर निघतो. नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद जोडावी. क्लॅटसाठी अर्ज करणाऱ्यांनी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो का ते पाहावे आणि त्यावर मूळ जात लिहिलेली आहे ना, याची खात्री करावी.

वैधता प्रमाणपत्र: खरी शर्यत इथे आहे

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला प्रांत देतात. दुसरा जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. पुणे जिल्ह्याच्या समितीचे कार्यालय येरवडा-विश्रांतवाडी भागातील सामाजिक न्याय भवनात आहे. अर्ज बार्टीच्या ऑनलाइन प्रणालीतून भरायचा आणि सोबत कॉलेजच्या प्राचार्यांचे शिफारसपत्र, वंशावळीचे शपथपत्र आणि मूळ पुरावे द्यायचे.

वडील, काका, आत्या, सख्खे किंवा चुलत भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाकडे वैधता असेल, तर तिची प्रत नक्की जोडा. रक्तनात्यातल्या एका वैधतेने काम खूप सोपे होते. समितीने त्रुटी काढली तर तिची माहिती नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा ई-मेलवर येते. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकलात तर ती तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

काही वर्षी अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश आणि वैधतेसाठी मुदत दिली जाते. ती सवलत दरवर्षी मिळेलच असे नाही, तिच्यावर विसंबू नका. अकरावीत किंवा पदवीच्या दुसऱ्या वर्षात असतानाच अर्ज करा. आणखी एक गैरसमज: अनुसूचित जातीच्या उमेदवाराला नॉन-क्रिमिलेअर लागत नाही. त्यासाठी फेऱ्या मारण्यात वेळ घालवू नका.

अभ्यास: काय आणि किती

सीईटी संगणकावर होते. पूर्वी १५० प्रश्न असत, आता १२० प्रश्न आणि १२० गुण आहेत. वेळ दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. इंग्रजीचा भाग सोडून बाकी प्रश्न मराठीतही असतात.

तीन वर्षांच्या परीक्षेत इंग्रजीला ४०, सामान्य ज्ञान व चालू घडामोडींना ३२, कायदेविषयक कल आणि तर्कक्षमता यांना प्रत्येकी २४ गुण आहेत. पाच वर्षांच्या परीक्षेत कायदा आणि तर्क प्रत्येकी ३२, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी प्रत्येकी २४ आणि प्राथमिक गणित ८.

मराठी माध्यमातली मुले इंग्रजीला घाबरून तो भाग शेवटी ठेवतात. तीन वर्षांच्या परीक्षेत तो एक तृतीयांश आहे, म्हणून त्यालाच पहिला तास द्या. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचे एक संपादकीय वाचायचे, दहा अनोळखी शब्द वहीत उतरवायचे, व्याकरणाचे वीस प्रश्न सोडवायचे. सहा महिन्यांत फरक दिसतो.

कायद्याच्या भागासाठी संविधानाची द्विभाषिक प्रत घ्या. उद्देशिका, मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे, राष्ट्रपती, संसद, न्यायालये हे भाग मराठीत समजून घ्या आणि त्यांचे इंग्रजी शब्द पाठ करा. जुनी गाईडे वापरताना एक काळजी घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलले आहेत. वरच्या वर्गातल्या दादा-ताईंकडून मिळालेल्या पुस्तकातली कलमे आता चालणार नाहीत.

मोबाइलवर सराव केलेल्या मुलांना माऊसवर दोन तास बसणे जड जाते. लोणावळा, तळेगाव, वडगाव इथल्या कॉलेजांतल्या संगणक कक्षात किंवा ओळखीच्या सायबर कॅफेत निदान पाच सराव परीक्षा घड्याळ लावून द्या. ज्या विहारात अभ्यासिका आहे तिथे रविवारी चार-पाच जणांनी मिळून पेपर सोडवला, तरी महागड्या क्लासची उणीव बरीच भरून निघते.

कॅप फेरी: पसंतीक्रम विचार करून भरा

सीईटीला उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसते, गुणांवरून गुणवत्ता यादी लागते. परीक्षा देऊन काम संपत नाही. प्रवेशासाठी कॅपची नोंदणी वेगळी करावी लागते आणि दरवर्षी काही जण इथेच चुकतात. नोंदणी, कागद अपलोड, ई-पडताळणी, पसंतीक्रम आणि जागावाटप असा क्रम असतो. अनुसूचित जातीसाठी १३ टक्के आरक्षण आहे.

लोणावळा लोकलचा मार्ग डोळ्यासमोर ठेवून यादी करा. पिंपरी परिसरात आणि पुढे पुणे शहरात अनेक विधी महाविद्यालये आहेत. पुण्यातील आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ पासून चालू आहे. मुंबईकडे चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे. बाबासाहेब १९३५ पासून तिथे प्राचार्य होते. फोर्टमधले सिद्धार्थ विधी महाविद्यालय १९५६ चे, बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे. मुंबईला मात्र राहण्याची सोय आधी पाहा.

यादी करताना प्रत्येक कॉलेजबद्दल चार गोष्टी तपासा: बार कौन्सिलची मान्यता, अनुदानित की विनाअनुदानित, एकूण वार्षिक फी आणि मागच्या वर्षी अनुसूचित जातीची यादी किती गुणांवर थांबली. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की सहसा ते स्वीकारावेच लागते. म्हणून जिथे जाणार नाही ते नाव वर टाकू नका. नेमके नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात, ती पूर्ण वाचा.

पैशांचा हिशोब

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर महाडीबीटीवर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर अनुसूचित जातीसाठी फ्रीशिप, म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना यासाठी प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. "कॅप सोडा, आमच्याकडे थेट सीट घ्या" असे कुणी सांगितले तर हे आठवा. थेट सीट घेतल्यावर शिष्यवृत्ती हातची जाऊ शकते.

पुणे किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये राहून शिकणाऱ्या आणि शासकीय वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यासाठी विद्यार्थी त्या शहरातला स्थानिक नसावा. उत्पन्नाचा दाखला वडगावच्या तहसील कार्यालयाकडून मिळतो. बँक खाते आधारशी जोडलेले ठेवा, नाहीतर मंजूर रक्कमही अडकते.

पदवीनंतरचा खर्चही आता कमी झाला आहे. वकिलीच्या सनदेसाठी बार कौन्सिल हजारो रुपये घेत असत. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवारांना ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांवर बांधून दिले.

वर्षाची आखणी

जून ते सप्टेंबर: जुने पुरावे, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र. ऑक्टोबरपर्यंत वैधतेचा अर्ज. क्लॅट द्यायची असेल तर तिचे अर्ज याच काळात भरायचे, परीक्षा साधारण डिसेंबरमध्ये. नवीन वर्ष लागले की सीईटी कक्षाचे संकेतस्थळ दर आठवड्याला पाहायचे. एप्रिलनंतर नवा उत्पन्नाचा दाखला. शिक्षणात खंड असेल तर त्याचे शपथपत्र. मग कॅप आणि प्रवेश मिळताच महाडीबीटी. तारखा दरवर्षी सरकतात, म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखेवर विश्वास ठेवू नका.

मावळात वकिलाची गरज कुणाला पडते, हे आपण रोज पाहतो. धरण, महामार्ग, एमआयडीसी आणि बंगल्यांसाठी जमिनी गेल्या. सातबारावरचे नाव, मोबदला, ॲट्रॉसिटीची फिर्याद, पोटगी अशा कामांसाठी माणसे वडगावच्या कोर्टात तारखांना जातात आणि आपल्या केसमध्ये काय चालले आहे हे अनेकांना कळत नाही. समजेल अशा भाषेत सांगणारा, आपल्याच वस्तीतला वकील तिथे हवा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना एक विनंती. पुढच्या रविवारी आपल्या विहारात बारावीच्या आणि पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांच्या मुलामुलींची यादी करा. प्रत्येक नावापुढे दोन रकाने ठेवा: जातीचा दाखला आहे का, वैधता आहे का. ज्या रकान्यात 'नाही' येईल, त्या घरी याच महिन्यात जा.

जय भीम!